रानाचा खोडवा

लेकीकडं केंब्रिजला येऊन मला पंधरा दिवस झाले होते. कॉलेजं बघून झाली, नदी बघून झाली, दुकानांतून हिंडून झालं. दगडी इमारती कितीही चांगल्या असल्या तरी माणूस मान वर करून किती वेळ बघणार? मी आपला खिडकीत बसून राहायला लागलो. ते बघून एका शनिवारी लेक म्हणाली, "आबा, चला. तुम्हाला रान दाखवतो."

ती अजून 'दाखवतो'च म्हणते. आमच्या कोल्हापूरकडच्या बायकांची ती बोली. मी येतो, मी जातो, मी जेवलो. पुण्यात चार वर्षं शिकली, एवढी वर्षं परमुलखात काढली, तरी तेवढं सुटलं नाही. मला ते ऐकून बरं वाटतं.

रान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दाजीपूर आलं. गवे, किर्र झाडी, खाली वाळक्या पानांचा पायभर थर. पण केंब्रिजपासून पश्चिमेला अर्धा तास गाडी गेली तरी दोन्ही बाजूंनी नुसती शेतंच. गुडघाभर गहू, पिवळीधमक मोहरीसारखी फुललेली रानं, सगळं सपाट. एका पाण्याच्या टाकीजवळ तिनं गाडी थांबवली आणि लांबवर बोट केलं. शेतांच्या मधोमध काळपट पट्टा दिसत होता, कुणीतरी घोंगडं टाकून विसरून गेल्यासारखा.

"हे रान?" मी म्हणालो.

"हे हेली वुड. लहान आहे, पण जुनं आहे."

एवढंसं रान बघायला एवढं तेल जाळून आलो, असं मनात आलं. बोललो नाही. जावयाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिनं मला चढवायला लावले. उन्हातान्हात कशाला हे सोंग, असं वाटलं. पण कुंपणाच्या कडेची पायवाट संपवून आत पाय टाकला आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत रुतला. भाताच्या चिखलणीला उतरल्यागत चिखल. चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी. ह्या जमिनीनंच हे रान राखलं असावं. असल्या चिखलात औत घालायला पहिल्यांदा कोण धजेल?

आमच्या झाडीसारखी झाडी नव्हती ती. एप्रिल असून बऱ्याच फांद्या उघड्या होत्या, नुसते कोंभ सुटलेले. ऊन थेट जमिनीवर येत होतं. अधूनमधून ओकची उंच, जाड झाडं. आणि त्यांच्या खाली, कुठंही बघा, बेटं. कळकाची बेटं असतात तशी, पण कळक नव्हे. एकेका बुडख्यातून दहा-दहा, पंधरा-पंधरा सरळ सोट काठ्या वर गेलेल्या. हे हेझल, हे ॲश, हे मेपल, असं लेक सांगत होती. माझं नावांकडं लक्ष नव्हतं. मी खाली बसलो. बुडख्यावर जुने घाव होते. जमिनीलगत, तिरके, स्वच्छ.

ऊस केलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. ऊस तोडायचा तो जमिनीला धरून. वर खुंट ठेवला तर खोडवा नीट फुटत नाही. टोळीवाल्यांच्या मागं हिंडून 'खालनं घ्या रं, खालनं' म्हणून माझा निम्मा जन्म गेला. इथं तेच होतं. झाडाचा खोडवा.

आत थोड्या अंतरावर एक म्हातारा गृहस्थ तोडलेल्या काठ्यांचे ढीग रचत होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. हे रान सांभाळणाऱ्या संस्थेकडं विनापगारी काम करणाऱ्यांपैकी तो एक. लेकीनं ओळख करून दिली. मी तिला म्हणालो, "विचार, किती वर्षांनी तोडता?"

हेझल दहा-बारा वर्षांनी, कधी मागं-पुढं, असं त्यानं सांगितलं. सगळं रान एकदम तोडत नाहीत. दर हिवाळ्याला एक तुकडा. पुढच्या हिवाळ्याला दुसरा. शेवटचा तुकडा तोडून होईतो पहिला पुन्हा तयार. जळण, कुंपणाच्या मेढी, अवजारांचे दांडे, कुडाच्या भिंतींना लागणाऱ्या काठ्या, सगळं ह्यातूनच निघायचं. ओक मात्र मोठे होऊ द्यायचे, ते घरांच्या तुळयांना. म्हणजे एकाच रानात खाली जळण आणि वर इमारती लाकूड.

"आणि हे कधीपासून चाललंय?"

तो हसला. इलीच्या बिशपच्या मिळकतीची १२५१ साली मोजदाद झाली, त्यात ह्या रानाचं नाव आहे. क्षेत्र लिहिलंय ८० एकर. मी मनात हिशेब केला. आपल्याकडं तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य. ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता. आणि तेव्हासुद्धा हे रान नवं नव्हतं, आधीपासून तोडत, वापरत आलेलं होतं. भोवतीनं त्यांनी बांध घातलेला आहे, बाहेरून चर. आत फुटणाऱ्या कोंभांना गुरं लागू नयेत म्हणून. तो बांध आता पावसापाण्यानं झिजून बुटका झालाय, पण अजून चालत जाता येतो. मी त्याच्यावरून शंभर पावलं गेलो. बांधावरून चालायची सवय आहे.

हे सगळं कागद आणि जमीन एकाला एक लावून शोधून काढणारा माणूस म्हणजे ऑलिव्हर रॅकहॅम. केंब्रिजचाच वनस्पतीशास्त्रज्ञ. नेहमी लाल मोजे घालायचा म्हणे. ह्या एवढ्याशा रानावर त्यानं १९७५ साली आख्खं पुस्तक लिहिलं. २०१५ साली तो गेला. त्याचं म्हणणं काय होतं, ते त्या गृहस्थानं बेटावर हात ठेवून सांगितलं आणि लेकीनं मला मराठीत: तोडल्यानं रान मरत नाही. लाकडाच्या गरजेनंच अशी रानं शेकडो वर्षं जगवली, कारण ज्याला दर दहा वर्षांनी जळण पाहिजे तो मुळं कशाला उपटेल? रानं गेली ती नांगरानं आणि यंत्रानं. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कितीतरी जुनी रानं बुडख्यांसकट उपटून तिथं गहू केला, नाहीतर सुचीपर्णी झाडं लावली. हे वाचलं, कारण १९६२ साली जिल्ह्यातल्या निसर्गप्रेमी मंडळींच्या संस्थेनं वर्गणी काढून विकत घेतलं आणि दोन वर्षांनी थांबलेली तोडणी पुन्हा सुरू केली. रान वाचवायला घेतलं आणि आधी कुऱ्हाड हातात धरली.

लेक हे वाक्यामागून वाक्य सांगत होती. 'मुळं' म्हणाली आणि तिचा आवाज नेहमीसारखाच होता. माझाच घसा कोरडा पडला.

म्हाताऱ्याचा निरोप घेऊन आम्ही नुकत्याच तोडलेल्या तुकड्याकडं गेलो. तारेचं उंच कुंपण आणि दार. हरणं फार झालीत, कोवळे फुटवे खाऊन टाकतात, म्हणून. पूर्वी गुरं बाहेर ठेवायला बांध, आता हरणं बाहेर ठेवायला तार. दारातून आत गेलो आणि जमीन फिक्या पिवळ्या फुलांनी भरलेली. ऑक्सलिप. एका दांड्यावर गुच्छ, सगळी फुलं एकाच बाजूला मान टाकलेली. इंग्लंडच्या ह्याच कोपऱ्यातल्या जुन्या रानांतून ती होतात, इतर ठिकाणी सहसा नाहीत. दाट सावलीत ती नुसती पानांवर जगतात. झाडं तोडली, ऊन आलं की एक-दोन वर्षांनी अशी उसळून फुलतात. तिथंच ॲशचा एक बुडखा होता. दोघांनी हात पसरून कवेत घेतला असता तरी उरला असता. आतून पोकळ, कडेकडेनं जिवंत, काही शतकं वयाचा. ह्या ॲशला आता एक बुरशीचा रोग लागलाय, २०१२ पासून इंग्लंडभर झाडं वाळतायत. ह्याच्याही दोन काठ्या शेंड्याकडून वाळलेल्या होत्या. बाकीच्या फुटत होत्या.

त्या बुडख्यावर आम्ही बसलो. लेकीनं डबा काढला. चपाती, शेंगदाण्याची चटणी.

खाता खाता ती म्हणाली, "आपली राई अशीच होती ना आबा? मला पुसट आठवती. माझ्या फीसाठी गेली."

भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात, वेदगंगेपासून वर चढाला आमचं तीस गुंठ्याचं रान होतं. सात-बाऱ्यावर पोटखराब. किंजळ, ऐन, जांभूळ, हिरडा. वडील त्यातनं जळण आणि औताला लागंल तेवढं लाकूड काढायचे, बाकी हात लावायचे नाहीत. २००१ साली लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि पैसे कमी पडले. मी ठेकेदाराला झाडं दिली. चार दिवसांत रान मोकळं. तेव्हापासून घरात एक वाक्य रूढ झालं. पोरीच्या फीपायी राई गेली. बायको पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, भाऊ उपकारासारखं सांगायचा, आणि मी ऐकून घ्यायचो. लेक पहिल्या पगारातनं शंभर रोपं लावायला निघाली होती. मी म्हणालो, कुठं लावणार, जागा कुठाय?

पण पुढचं कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात ते सगळे बुडखे फुटले होते. किंजळीचे तांबूस कोंभ कमरेएवढे, तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर. आमची आई तेव्हा थकलेली, काठी टेकत वर जाऊन आली आणि म्हणाली, "आलंय बघ परत. असूं दे." त्याच वर्षी पाणीपुरवठा संस्थेची पाईप चढापर्यंत आली. शेजाऱ्यांनी ऊस लावला. मी जेसीबी लावून बुडखे काढले. दोन दिवस लागले. किंजळीची मुळं सुटताना जमिनीतनं आवाज येत होता. आई त्या दोन दिवसांत घराबाहेर आली नाही. तेव्हा फीचा शेवटचा हप्ता भरून झाला होता. लेकीच्या शिक्षणाला त्या उसाचा एक पैसा लागला नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्याला लागलेलं, पाण्याखालचं रान पाहिजे होतं मला, बस.

मी तिला तसंच सांगितलं. "तुझ्या फीनं राई गेली न्हाई बाळ. तोडली ती फीसाठी. घालवली मी. मागनं."

ती माझ्याकडं बघत राहिली. वीस वर्षं पोरीनं ते ओझं वागवलं होतं आणि मी ते तिच्या डोक्यावरनं उतरवलं नव्हतं. कारण ते तिच्या डोक्यावर होतं तोवर माझ्या डोक्यावर नव्हतं. रागवेल असं वाटलं. रागावलीच असेल. चटणीचा डबा तिनं झाकण लावून दोनदा दाबून बंद केला.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "एकही बुडखा राहिला नाही?"

"वरच्या बांधाला एक हाय. किंजळीचा. बांध फुटंल म्हणून जेसीबीवाल्यानं सोडला."

"फुटतो?"

"दरसाल. पाचट पेटवलं की होरपळतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो."

परत येताना तिनं हरणांचं दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि बसली का म्हणून पुन्हा हलवून बघितली. मोटारीत फारसं बोलली नाही. घरी आल्यावर बुटांचा चिखल तिनंच धुतला, माझ्या बुटांचासुद्धा, मी नको म्हणत असताना.

रात्री मी गावाकडं फोन लावला. आमच्याकडं दहा, तिकडं अडीच. भाऊ झोपेतनं उठला, कुणाचं काय झालं म्हणून घाबरलेला.

"काय न्हाई," मी म्हणालो. "यंदा वरच्या बांधाकडंला पाचट पेटवू नको. चार सऱ्या सोडून दे तिथं. मोकळ्या."

"चार सऱ्या? आणि मोकळ्या कशापायी?"

"किंजळ फुटती ती फुटूं दे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिकडं जाऊन काय बघितलंस म्हणं?"

"रान," मी म्हणालो. "झोप आता."