पाच एकर माळ, पन्नास शेळ्या

“पाच एकर रान पाच हजारांत शेळ्यांना? अरे, सोलरवाले एकरी पन्नास हजार मोजतात!” भावकीतल्या एका शहाण्याचं हे बोलणं प्रस्तुत लेखकाला अजून सलतं. मराठवाड्यातल्या वाशी तालुक्यातलं मुरमाड रान, पेरलं तर बियाण्याचे पैसेही निघत नाहीत. म्हणून पावसाळ्यात चारायला द्यायचं ठरवलं, एवढंच.

आकडा मात्र खोटा नव्हता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं आहे, वर दरसाल 3 टक्के वाढ. पण ते वीज उपकेंद्राजवळच्या रानाला. या माळाला धड गाडीवाट नाही, उपकेंद्र कुठलं! त्याच योजनेत सरकारी जमीन वर्षाला 1 रुपया नाममात्र भाड्यानं जाते. म्हणजे उन्हाला सरकारी दर आहे, गवताला नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 23 प्रमाणे गायरानात त्या गावचीच जनावरं चरू शकतात. परगावच्या कळपाला खासगी रान धुंडाळावंच लागतं. मालक कागद करत नाही, कारण हैदराबाद संस्थानाच्या भागात लागू झालेल्या 1950 च्या कूळ कायद्याची धास्ती मराठवाड्यात टिकून आहे. सगळं तोंडी, बांधावर. ज्याची नड मोठी, तो वाकतो.

हे रान घ्यायला आलेले शेळ्यावाले मामा मात्र वाकणारे नव्हते. त्यांनी कुसळीचा एक दांडा उपटला, शेंडा नखानं चोळून पाहिला. “ह्याला कुसळ धरलं की शेळी तोंड लावत न्हाई. मग चार महिन्यांचं पैसं कशाचं?”

प्रश्न बिनतोड होता. मग हिशेब मांडला गेला. उस्मानाबादी शेळी साधारण 30 किलोची, दिवसाला किलोभर कोरडा चारा धरला तर 50 शेळ्यांना 50 किलो. एकरी पाच क्विंटल वाळकं गवत धरलं आणि निम्मं पुढच्या सालासाठी राखलं, तर पाच एकरांत साडेबारा क्विंटल. म्हणजे जेमतेम 25 दिवस! बांधावरच्या बोरी-बाभळींचा पाला वेगळा. पाच हजारांना भागलं तर शेळीमागे रोजचे चार रुपये. स्वस्त कुठे आहे?

म्हणून चराईचा भाव एकरावर ठरवूच नये. शेळीमागे रोजाचा ठरवावा, पाणी कुणाचं ते आधी बोलावं आणि रान मोकळं करायची तिथी पक्की करावी. मेंढपाळांना महामेष योजनेत जून ते सप्टेंबर महिना 6,000 रुपये चराई अनुदान आहे. चरायला पैसे पडतात हे सरकारलाही ठाऊक आहे तर!

पण मग मामांनी जुनी गोष्ट काढली. पूर्वी शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकरीच धनगराला धान्य द्यायचा, लेंडीखताच्या बदल्यात. त्या हिशेबानं पैसे कुणी कुणाला द्यायचे?

शेवटी ठरलं ते शेळीमागे रोज तीन रुपये आणि आठ रात्री वाडगं याच रानात. इतकं गणित घालूनही पैसे घेताना लेखकाला ते जास्त वाटतात. पंधरा दिवसांनी तेच कमी वाटू लागतात.