दोघेही निर्दोष

विजेच्या गिटारला पायाने वाजवावयाची दोन उपकरणे जोडता येतात, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना बहुधा ठाऊक नसेल. घरातील तरुण मुलगा खोलीचे दार लावून जो ‘गोंगाट’ करतो, त्यात या दोन पेडलांचा हात, किंवा अधिक अचूक बोलायचे तर पाय, असण्याचा संभव असतो. एकाचे नाव वाह आणि दुसऱ्याचे फझ.

‘वाह’ म्हटले की मराठी माणसाला वाहवा आठवणार. परंतु हे नाव आले आहे ते ध्वनीवरून. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हणावे आणि तोंड हळूहळू उघडत ‘आ’पर्यंत यावे, म्हणजे जो ‘वा’ उमटतो, तोच हे पेडल गिटारकडून वदवून घेते. पाऊल पुढेमागे डोलवले की सुमारे ४०० ते २,००० हर्ट्झच्या दरम्यानचा एक एक स्वरपट्टा क्रमाने उजळत जातो. फझचे काम याहून राकट. तारेच्या कंपनातून आलेली विद्युतलहर ते इतकी फुगवते की तिचे माथे छाटले जातात. या छाटणीतून मुळात नसलेले अनेक उपस्वर जन्माला येतात आणि आवाज घोगरा, दाट होतो.

वाहचा जन्म एका ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीत झाला, ही गोष्ट मला विशेष वाटते. १९६६ साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचे तंत्रज्ञ अँप्लिफायरमधील एका महागड्या स्विचच्या जागी स्वस्त फिरते बटण बसवू पाहत होते. बटण फिरवताच आवाज ‘वा’ करू लागला. ते मंडल ऑर्गनच्या आवाजाच्या पेडलात बसवले आणि वाह तयार झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये आर्बिटर कंपनीने फझ फेस नावाचे गोल तबकडीसारखे फझ बाजारात आणले. अटलांटिकच्या दोन काठांवरच्या या समवयस्कांना जिमी हेन्ड्रिक्सने आपल्या पायाशी एकत्र आणले. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉकच्या महोत्सवात तो वाजवावयास उभा राहिला, तेव्हा गिटारची तार आधी वाहमध्ये आणि तेथून फझमध्ये गेली होती.

माझ्या धर्मग्रामातील एका तरुणाच्या वाट्याला अशी जोडी वारशाने आली. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते आणि परतीच्या एका सफरीत त्यांनी ही दोन्ही पेडले आणली होती. ते कधी एक वाजवत, कधी दुसरे. वडील गेल्यावर मुलाने दोन्ही एकापुढे एक जोडली, तेव्हा वाह गप्प झाले. पाय कितीही डोलवा, ‘वा’ म्हणून उमटेना; मधूनच कर्कश शिट्टी तेवढी निघे. दुरुस्तीच्या दुकानात त्याला सांगण्यात आले की वाह मेले आहे, भंगारात देऊन नवे घे. त्याच्या आईचे मन होईना. वाहच्या रबरावर, जेथे टाच टेकते तेथे, त्या माणसाच्या पायाची झीज स्पष्ट दिसत होती.

गिटार मीही वाजवतो, म्हणून तो पिशवी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “फादर, एकेकटं लावलं की दोन्ही वाजतात. एकत्र लावलं की पप्पांचं वाह बोलत नाही.”

निदान त्याच्या या वाक्यातच होते. जे एकटे असताना बोलते, ते मेलेले नसते. धर्मग्रामातील एका निवृत्त रेडिओ मेकॅनिकना बोलावले आणि आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो.

पहिली अडचण विजेची निघाली. मुलगा एकाच अडॅप्टरला दुहेरी वायर लावून दोघांना वीज देऊ पाहत होता. परंतु त्याचे फझ जुन्या पद्धतीचे, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे होते. त्यात बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. वाहमध्ये ऋण टोक. एका अडॅप्टरवर ही दोन्ही टोके परस्परांना भिडतात. म्हणून प्रत्येकाला ९ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी दिली.

तरीही वाह गप्पच. हा दुसरा भाग समजण्यासाठी विहीर डोळ्यांसमोर आणावी. झरा बारीक असताना मोठा पंप लावला, तर पाणी तळाला जाते आणि बागेला गाळ येतो. यात झऱ्याचा दोष नसतो आणि पंपाचाही नसतो. अँप्लिफायर आपल्यासमोरच्या उपकरणाकडून फारच थोडी वीज मागतो. त्याच्या प्रवेशद्वाराचा विरोध साधारण १० लाख ओहम असतो. फझ फेसचा मात्र अवघा काही हजार ओहम. ते थेट गिटारला जोडावे याच हेतूने रचलेले आहे आणि समोरच्याकडून भरभरून ओढून घेते. वाहची रचना अशी की त्याचा ‘वा’ ज्या जागी तयार होतो, तेथूनच एक धागा परत आत जातो आणि तेथूनच आवाज बाहेर पडतो. त्या जागेला फझची ओढ बसली की आतला धागा दुबळा होतो आणि ‘वा’ विरून जातो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्रम बदलणे. फझ आधी आणि वाह नंतर ठेवले तर वाह मोकळेपणाने बोलते. फझने निर्माण केलेल्या उपस्वरांना चाळणी लागते आणि आवाज धारदार, लख्ख होतो. कित्येकांना तोच आवडतो. आमच्या तरुणाला मात्र वाह आधी हवे होते. त्या क्रमाने निघणारा आवाज अधिक कंठातला, माणसाच्या बोलण्याजवळचा असतो.

तेव्हा दोघांच्या मध्ये एक दुवा बसवावा लागला. त्याला बफर म्हणतात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक फेट ट्रान्झिस्टर, १० लाख आणि १० हजार ओहमचे दोन रोधक आणि दोन कपॅसिटर, एवढाच त्याचा संसार. तो वाहकडून नावापुरतेच घेतो आणि बॅटरीच्या बळावर फझला हवे तेवढे देतो. मेकॅनिकनी तो वाहच्या पोटातच बसवला. त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. बफरनंतर सुमारे १० हजार ओहमचा आणखी एक रोधक ओवला, कारण अति उदार पुरवठ्यानेही फझ कर्कश होते. आणि वाहचा स्विच असा बदलला की वाह बंद असताना गिटार सरळ फझशी जोडली जावी. गिटारचा आवाज कमी करताच फझने सौम्य व्हावे, हा त्याचा जुना गुण त्यामुळे टिकला.

बफरला स्वतःचा सूर नाही. तो चांगला बसला तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या वाडीवाडीत अशी माणसे असतात. दोन घरांत बोलणे सुरू करून देतात आणि मग अंगणातून निघून जातात.

एक सूचना मात्र मुलाला द्यावी लागली. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापल्यावर त्यातील विजेची गळती वाढते आणि आवाज बिघडतो. मे महिन्यात मंडपाच्या पत्र्याखाली फझ रुसले तर त्याला सावलीत ठेवून निवू द्यावे. भंगारवाल्याला हाक मारू नये.

वाह सुरू करून पाहिले त्या संध्याकाळी त्याची आई दारात उभी होती. मुलाने बूट काढून वडिलांच्या झिजल्या खुणेवर टाच ठेवली. पहिला ‘वा’ निघाला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आवाज थोडा वाढव.”