एकाच घासाचा हव्यास

देवस्थानच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे संगणकावर साठवावीत, ही सूचना माझीच. महाजनांची नोंदवही तर तुकड्यांत न ठेवता एकाच फाइलीत असावी, असा माझा आग्रह. पुरावा अखंड असावा, हा वकिली संस्कार, दुसरे काय!

गेल्या महिन्यात त्या आग्रहाची किंमत कळली. कचेरीतला सर्व्हर रात्री या फाइली वाचून छपाईयोग्य प्रती तयार करी. एके सकाळी पाहतो तो काम ठप्प. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, पण प्रत एकही निघाली नव्हती. यंत्र मी तीनदा बंद करून सुरू केले, तीनदाही तेच.

बाहेर बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. लहानशा पुरवणी वहीतील आजोबांच्या नावाची नोंद, एवढीच नक्कल त्यांना हवी होती. सुनावणी दोन दिवसांवर आली होती.

शेजारच्या जाणकार तरुणाला बोलावले. तो म्हणाला, "काका, साक्षीदाराला विचारता तसे यंत्रालाही एकेक विचारू या." १ गिगाबाइटची फाइल चटकन पार पडली, ४ ची रेंगाळली, ११ ची नोंदवही अडली. यंत्राची स्मृती अवघी ८ गिगाबाइट. आणि प्रोग्रॅमचा हट्ट असा की, सगळी फाइल स्मृतीत घेतल्याशिवाय काम आरंभायचे नाही! न मावलेला भाग डिस्कवर ठेवायचा, तो आणण्यासाठी दुसरा बाहेर काढायचा. या ने-आणीतच रात्र सरे. प्रोग्रॅम मेला नव्हता, म्हणून चुकीची नोंदही नव्हती. पुन्हा सुरू करताच तीच फाइल रांगेत पहिली येई, आणि लहान फाइली मागे तिष्ठत राहत.

त्याने नोंदवही बाजूला काढली. पुढे ती पानापानाने वाचण्याची व्यवस्था करू, म्हणाला.

"मग अखंडपणाचे काय?" मी विचारले.

"हॅश-मूल्य आहे ना!"

मी ओशाळलो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ते मूल्य मीच लिहीत आलो आहे. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी ते बदलते. पण एसएचए-२५६ पद्धतीत ते ६४-६४ बाइटांचे लहान घास घेतच काढले जाते, हे मला त्या दिवशी कळले.

एवढ्यात नक्कल छापून आली. आजोबांच्या नावावरून बोट फिरवीत ते गृहस्थ म्हणाले, "वकीलबाब, म्हजें एकूच पान आशिल्लें."

मला उत्तर सुचले नाही.