लुगड्यांची गोधडी, ग्वाल्हेरची थंडी

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेलं पांघरूण. तिच्यात कापूस भरत नाहीत. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते आणि टाके त्या थरांना सरकू देत नाहीत, एवढंच तिचं शास्त्र. रजईचं तसं नसतं. तिथे खोळीत पिंजलेला कापूस भरतात आणि तो एका कोपऱ्यात गोळा होऊ नये म्हणून वर विरळ दोरे घालतात. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, बेळगाव-धारवाडच्या बाजूला कौदी. उत्तरेत राज्य आहे ते रजईचं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही दोन्ही पांघरुणं एकाच बिछान्यावर येतात, त्यामुळे तिथली गोधडी समजून घ्यायची तर रजईला सोडून चालत नाही.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला आणि त्या तळाचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. शिंदे की छावनी, फालका बाजार, पाटणकर बाजार, महाडिक की गोठ ही वस्त्यांची नावं अजून त्या दिवसांची साक्ष देतात. सरदार, शिलेदार, कारकून आणि भिक्षुक यांच्याबरोबर दक्षिणेतून त्यांचे संसार आले आणि संसाराबरोबर गोधडी आली. पण दक्खनच्या थंडीला पुरणारी गोधडी इथे एकटी पुरत नाही. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली जातो आणि धुकं दुपार झाली तरी हटत नाही. म्हणून वरून रजई आणि तिच्या आत, अंगाला लागून, गोधडी. ही जोडी फार शहाणपणाची आहे. रजई धुता येत नाही. कापूस भिजला की त्याच्या गाठी होतात आणि पुन्हा पिंजून घेण्यावाचून उपाय राहत नाही. गोधडी मात्र दगडावर आपटून धुवा, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाका, ती होती तशी परत येते. शिवाय अंगाला जे लागतं ते वापरलेलं सुती कापड असतं, आणि नव्या कापडाला तो मऊपणा कशानेही आणता येत नाही.

गोधडीचं निम्मं काम सुई हातात घेण्याआधीच होतं. ते म्हणजे कापड निवडणं. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याचं असतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन-दोन मीटरचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचं पोट एकाच लुगड्यात भरतं. धोतर आतल्या थराला सर्वांत चांगलं, कारण ते विरलं तरी त्याचा पोत एकसारखा राहतो. लुगड्याचं अंग झिजलं तरी काठ शाबूत असतात. ते उसवून गोधडीच्या कडेला लावले की कडा वर्षानुवर्षं फाटत नाहीत.

चंदेरीचा प्रश्न वेगळा. चंदेरी हे गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं, त्यामुळे लष्करातल्या पेट्यांमध्ये चंदेरी साड्या पुष्कळ. ताणा रेशमी आणि बाणा सुती असलेलं हे कापड वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की घडीवरच विरतं. साडी उलगडावी तर घडीच्या रेघेवर सरळ चीर निघते, आणि दोन चिरांमधलं कापड मात्र नवंकोरं वाटावं इतकं चांगलं असतं. अशी साडी थर म्हणून घालणं व्यर्थ आहे. चिरांच्या मधले चौकोन कापून, त्यांना मागून मलमलचं अस्तर लावून, ते गोधडीच्या दर्शनी बाजूला बसवावेत. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या तेव्हापासून गोधडीचं खरं नुकसान झालं. हे कापड सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही आणि कितीही वापरलं तरी मुरत नाही. ग्वाल्हेरने स्वतः दोन्ही काळ पाहिले आहेत. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल १९२१ सालची, सुती कापडाची; ग्वाल्हेर रेयॉन १९४७ सालची, कृत्रिम धाग्याची. पुढे ग्वाल्हेर सूटिंग हे नाव देशभर गाजलं. ते कापड पँटला उत्तम, पण गोधडीत त्याचा एक थर जरी आला तरी हाताची सुई आत जाताना कुरकुरते.

कापड आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाकायची. मग जमिनीवर तळाचं कापड पसरायचं, त्यावर पोटातले थर आणि शेवटी वरचं कापड. प्रत्येक थर अंथरल्यावर तळहाताने मधून कडेकडे हवा काढत जायचं. कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या, जे जड असेल ते ठेवायचं. मग वीतभर अंतराने कच्चे टाके. हा टप्पा घाईने उरकला तर शिवताना आतला थर झोळ धरतो, आणि तो झोळ वरून दिसत नसला तरी पांघरताना हाताला लागतो.

खरी शिवण कडेपासून सुरू होते. शिवणारी गोधडीवरच बसते, एका बाजूची ओळ पूर्ण करून कोपऱ्यावर वळते, आणि चौकोनात चौकोन असं आत येत मध्यावर थांबते. अमेरिकी आणि युरोपी पद्धतीच्या शिकवणीत याच्या उलट सांगतात: मध्यापासून सुरुवात करा आणि कापडातला सैलपणा बाहेर ढकलत कडेला न्या. दोन्ही पद्धतींना आपापली कारणं आहेत. तिकडे वरचं कापड नवं, ताठ आणि मापात कापलेलं असतं. आपल्याकडे ते जुनं असतं, कडेने उसवू पाहतं, म्हणून कडा आधी बंद करणं भाग पडतं. मग सैलपणा आतच राहतो आणि प्रत्येक टाका त्यातला थोडाथोडा गिळतो. त्यातून गोधडीच्या अंगावर ती बारीक सुरकुती उमटते. हा दोष नव्हे. सुरकुतीच्या प्रत्येक लाटेत हवा राहते आणि गोधडी त्यामुळेच अधिक उबदार होते. सपाट, इस्त्री केल्यासारखी गोधडी शिवून घेणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं पाहिजे.

या कामाचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडी कमी रुंद गोधडी, ओळींमध्ये बोटभर म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर: शिवणीची एकूण लांबी सुमारे ११५ मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाके अकरा हजारांच्या वर जातात. आणि बाजारात गोधडीची किंमत विचारताना माणसं तिची लांबी-रुंदी पाहतात. जुन्या कापडाची म्हणून ती स्वस्त असावी अशी अपेक्षा असते. कापड जुनं असलं तरी हात, डोळे आणि दुपारी आजच्याच असतात.

या दुपारी घरकामाच्या मधल्या असतात. स्वयंपाकघर आवरल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत खिडकीचा उजेड सरळ जमिनीवर पडतो, आणि गडद रंगाच्या लुगड्यावर गडद दोरा घालायला हाच उजेड लागतो. महाराष्ट्रात गोधड्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी शिवतात. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा वेळी सहा थरांचं कापड मांडीवर घेणं शक्यच नसतं, आणि घामाने सुई हातातून निसटते. पावसाळ्यात कापडात ओल राहते. म्हणून इथला हंगाम नवरात्रापासून थंडी पडेपर्यंतचा. बायका चार बाजूंनी बसल्या तर काम भराभर पुढे जातं, मात्र प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो आणि जाणत्या नजरेला कुठे हात बदलला ते ओळखू येतं. ती ओळख पुसायची गरज नाही. एकसारख्या टाक्यांची हौस मशीनने भागते.

गोधडीची कल्पना कुठून सुचते, याचं उत्तर बहुतेक वेळा पेटीत असतं. लाल किती आहे, निळं किती आहे, पिवळं फक्त दोन वीत उरलं आहे, मग ते कुठे बसवायचं? नक्षी इथून सुरू होते. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला चौकोन-त्रिकोणांची मांडणी शिकवावी लागत नाही. पण ग्वाल्हेरमध्ये डोळ्याला खाद्य देणाऱ्या आणखी दोन जागा आहेत. पहिली, किल्ल्यावरचं मानमंदिर. मानसिंह तोमराने पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधीला बांधलेल्या या महालाच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशा आहेत. त्यांत बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं. रंगीत पट्टा किती रुंद ठेवायचा आणि त्याच्या भोवती साधा दगड किती सोडायचा, हे त्या भिंतीसमोर उभं राहून शिकावं. नवशिक्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे साधी जागा न सोडणं; ठिगळाशेजारी ठिगळ इतकं दाटतं की एकही उठून दिसत नाही.

दुसरी जागा सूफी संत महंमद गौस यांची कबर, तानसेनाच्या समाधीच्या शेजारची. सोळाव्या शतकातल्या या इमारतीच्या दगडी जाळ्यांमध्ये षट्कोन आणि तारे एकमेकांत असे गुंफलेले आहेत की एक आकार कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. आतून पाहिलं तर जाळी काळी आणि उजेडाचे तुकडे पांढरे. बाहेरून पाहिलं तर उलट. गडद आणि फिक्या कापडाच्या तुकड्यांनी जो खेळ मांडायचा असतो तो हाच. जाळीची नक्कल कापडात उतरवण्याचा हट्ट मात्र धरू नये. जुन्या कापडाचा कोन दगडाइतका टोकदार राहत नाही. जाळीतलं एक प्रमाण उचलावं आणि बाकीचं तिथेच सोडावं.

यानंतर येतात प्रदर्शनं. ग्वाल्हेरकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला मेळा मुळात गुरांचा; आज तो थंडीत भरणारा मोठा व्यापारी मेळा आहे. तिथे जयपूरच्या हलक्या रजया, गुजरातचं ठिगळकाम आणि पानिपतची ब्लँकेटं एका फेरीत पाहता येतात. पानिपतच्या गिरण्या जुन्या लोकरी कपड्यांचे धागे काढून नवी ब्लँकेटं विणतात, म्हणजे ज्या कल्पनेवर गोधडी उभी आहे तीच तिथे कारखान्यात राबते. मेळ्याचा मोठा गुण म्हणजे वस्तूला हात लावता येतो. फरिदाबादजवळ सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून भरतो आणि ग्वाल्हेरहून दिल्लीच्या वाटेवरच पडतो. तिथे बिहारची सुजनी, बंगालचा कांथा यांचे टाके जवळून बघता आले तर गोधडीचा टाका किती वेगळा, किती मोकळा आहे ते चटकन कळतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये आणि पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या बायका गोधड्या विकायला आणतात. चेन्नईत २०१९ मध्ये केवळ या कलेला वाहिलेलं इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरलं. अमेरिकेत ह्यूस्टनचं वार्षिक प्रदर्शन १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि नेब्रास्कातल्या लिंकन शहरात तर अशा पांघरुणांचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

मोठ्या प्रदर्शनांत पांघरुणं भिंतीवर टांगलेली असतात आणि हात लावायची मनाई असते. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक विचारल्यावर कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. जाणाऱ्याने जरूर विचारावं. पुढून दिसते ती निवड, मागून दिसतो तो हात: गाठी कुठे लपवल्या, टाका मागेही पुढच्याइतकाच पडला की नाही, दोरा कुठे संपला. बक्षिसांच्या याद्यांवरून मात्र धडा घेऊ नये. परीक्षकांना एकसारखेपणा मोजता येतो, ऊब मोजता येत नाही.

प्रदर्शनाने एखाद्या वस्तूचं नशीब पालटतं याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं आहे. गीज बेंड या नदीच्या वळणावरच्या गरीब वस्तीतल्या काळ्या बायका शेतावर वापरलेल्या पँटी आणि शर्ट फाडून थंडीसाठी पांघरुणं शिवत. २००२ मध्ये ती ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडली गेली, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपालाची तिकिटंही निघाली. त्या पांघरुणांची चित्रं पाहताना मराठी माणसाला आपल्या वाकळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एक मोठा फरक आहे. गीज बेंडच्या भिंतीवरच्या प्रत्येक पांघरुणाखाली शिवणारीचं नाव आणि साल लिहिलेलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांच्यासारख्या जाणकारांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचा शोध घेऊन पुस्तक लिहिलं, पण घराघरांतल्या बहुसंख्य गोधड्यांवर नाव नाही. आजीची गोधडी एवढंच ठाऊक असतं. कुठली आजी, कुठल्या साली, कुणाच्या लुगड्याची, हे सांगणारं माणूस गेलं की तेही जातं.

प्रदर्शनांत पांघरुणाच्या मागच्या कोपऱ्याला छोटी चिठ्ठी शिवण्याची रीत आहे. ती ग्वाल्हेरच्या घरांनी जशीच्या तशी उचलावी. घरात जुनी गोधडी असेल तर ती बोहारणीला देण्याआधी किंवा पोछा करण्याआधी, सांगणारं कुणी आहे तोवर विचारून घ्या, आणि मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या मलमलचा तुकडा लावून त्यावर सुताने शिवणारीचं नाव, गाव आणि साल घाला. नवी शिवत असाल तर स्वतःचंही घाला.