धोका मोजायचा तो कीड येण्याआधी

ती. काका,


तुमचं पत्र मिळालं. शहाद्याच्या शेतात दोन एकर पपई घालायची, परराज्यातल्या एका नर्सरीत रोपं स्वस्त मिळताहेत, पण रोपांबरोबर एखादी नवी कीड आली तर? धोका नेमका किती? लागवड झाल्यावर हे विचारणारे पुष्कळ असतात, आधी विचारणारे मोजके. म्हणून उत्तर जरा सविस्तर.

परक्या किडीचा धोका जोखण्याची एक रीत जगभर मान्य आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारात सामील असलेले देश तीच वापरतात, आणि आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून येणाऱ्या रोपांची, बियाण्याची नि फळांची पारख अशीच होते. प्रश्न चारच असतात. कीड इथवर येऊ शकेल का? आली तर इथल्या हवेत आणि इथल्या झाडांवर तग धरेल का? तग धरलीच तर किती वेगाने पसरेल? आणि पसरल्यावर नुकसान किती होईल? चारांपैकी एकाचं उत्तर ठामपणे ‘नाही’ आलं, तर काळजीचं कारण उरत नाही. चारही ‘हो’ आली, तर मात्र हातावर हात ठेवून बसण्याची सोय राहत नाही.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाच्या बाबतीत ही चारही उत्तरं ‘हो’ होती.

हा कीटक मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथे त्याला खाणारे शत्रू असल्यामुळे तो कधी फारसा डोईजड झाला नाही. १९९० च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला, १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडला, मग प्रशांत महासागरातली बेटं घेत गेला: २००२ मध्ये ग्वाम, २००३ मध्ये पलाऊ, २००४ मध्ये हवाई. २००८ मध्ये तो कोईमतूरला दिसला. तमिळनाडूत पपई, तुती, टॅपिओका काही सुटलं नाही. रेशीम उत्पादकांना तुतीच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. तिथून तो शेजारच्या राज्यांत शिरला आणि २०१० पर्यंत पुण्याच्या परिसरातल्या पपईवर येऊन बसला.

हा ढेकूण जवळून पाहण्यासारखा आहे. पानाच्या मागे मधल्या शिरेलगत, किंवा फळाच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. पुंजक्यात मादी असते, तिच्यामागे मेणचट तंतूंची पिशवी, आणि पिशवीत हिरवट पिवळी अंडी. एक मादी शंभरापासून काही शेकड्यांपर्यंत अंडी घालते. बोटाने चिरडली की पिवळा रस निघतो. अल्कोहोलच्या बाटलीत टाकली की एकदोन दिवसांत तिचा रंग निळसर काळा होतो. ओळख पटवायला अभ्यासकांना ही खूण फार उपयोगी पडते. शिवाय हा कीटक अंगातून चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते, पानं काळवंडतात आणि फळाला गिऱ्हाईक राहत नाही. मेणाच्या थरामुळे आणि त्या पिशवीमुळे औषध अंड्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. फवारणी झाली की चार दिवस बाग बरी दिसते, मग पुन्हा तेच.

आता धोक्याच्या हिशेबातली मुख्य गोष्ट. या किडीच्या मादीला पंख नसतात. नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं चालतात, वाऱ्यावर थोडी उडतात, मुंग्या त्यांना इकडून तिकडे नेतात. एवढ्या बळावर समुद्र ओलांडता येत नाही, कोईमतूरहून पुणेही गाठता येत नाही. तो प्रवास रोपांच्या गाडीतून, फळांच्या क्रेटमधून होतो. म्हणजे चार प्रश्नांपैकी ‘तग धरेल का’ हे हवामान आणि झाडं ठरवतात, पण ‘येईल का’ आणि ‘किती लांब पसरेल’ ही दोन उत्तरं माणसाच्या हातात असतात. जोखमीचा अंदाज बांधण्याचा खरा उपयोग इथेच आहे. कुठे अडवायचं, ते तो दाखवतो.

तमिळनाडूतलं संकट आटोक्यात आलं ते मित्रकीटकाने. जुलै २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून परोपजीवी कीटक मागवले. त्यांतल्या ‘असेरोफॅगस पपायी’ने कमाल केली. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा कीटक पिठ्या ढेकणाच्या पिल्लात अंडं घालतो, आतली अळी त्याला पोखरून खाते आणि मागे फुगलेलं पोकळ कवच उरतं. संस्थेतल्या चाचण्या उरकून त्या वर्षाच्या अखेरीस तो बागांत सोडला आणि काही महिन्यांत चित्र पालटलं. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. हेच मित्रकीटक ग्वाम आणि पलाऊत आधीच यशस्वी झाले होते. कीड कोणत्या वाटेने सरकते आहे, हे २००४ मध्येच दिसत होतं. तो हिशेब वेळेवर मांडून मित्रकीटकाची परवानगी तयार ठेवली असती, तर दोन हंगामांचं नुकसान बरंचसं टळलं असतं.

या हिशेबात आपण नेहमी पीडितच असतो असंही नाही. आपल्या आंब्यावरची फळमाशी २००३ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर सापडली. २००५ मध्ये तिला नवी जात म्हणून वेगळं नाव मिळालं, तोवर ती आफ्रिकेत पसरू लागली होती, आणि तिथल्या आंबा उत्पादकांच्या परदेशी बाजारपेठांवर गदा आली. ती आशियातलीच फळमाशी आहे, हे २०१५ मध्ये मान्य झालं. या पार्श्वभूमीवर पाहिलं, तर १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा कोकणातल्या बागायतदारांचा संताप समजण्यासारखा असला, तरी समोरच्यांची भीती पोकळ नव्हती. थंड युरोपात ही माशी कशी टिकेल, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. २०१८ मध्ये ती इटलीतल्या कंपानिया भागात सापळ्यात सापडली.

आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, ती बांधणीगृहातली तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर. अमेरिकेचा दरवाजा २००७ मध्ये उघडला होता तोही असाच. लासलगावच्या विकिरण केंद्रात तिकडे जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे इतकी विकिरणाची मात्रा देतात. त्याने कीड तिथल्या तिथे मरतेच असं नाही, पण तिची पुढची पिढी तयार होत नाही. धोका किती आणि तो कोणत्या टप्प्यावर तुटतो, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं की व्यापार सुरू राहतो.

आता तुमचा प्रश्न, याच चार कसोट्यांवर. परराज्यातल्या रोपांबरोबर कीड येऊ शकते, कारण पानामागचं पिल्लू गाडीत कुणी बघत नाही. इथे ती टिकेल, कारण आपल्याकडे ऊन आहे, पपई आहे, कपाशी आहे, बांधावर जास्वंद आणि पडीक जागेत गाजर गवत आहे, आणि पिठ्या ढेकणाला हे सगळं चालतं. पसरेल, कारण शहादा भागात पपईला पपई लागून आहे. नुकसान तर एकट्या तुमच्या दोन एकरांपुरतं राहणार नाही. पिठ्या ढेकूण आता महाराष्ट्राला नवा नाही, त्याचा शत्रूही इथे आहे. पण त्याच गाडीतून उद्या दुसरंच काही आलं, तर त्याचा शत्रू इथे असेलच असं नाही.

म्हणून स्पष्ट सांगते: ती रोपं आणू नका. तैवान ७८६ या पपईच्या जातीचं सीलबंद बियाणं घ्या आणि घरच्या घरी कीडरोधक जाळीखाली ट्रेमध्ये रोपं करा. पिठ्या ढेकूण बियाण्यातून येत नाही. बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आत उपटा. पानामागे पांढरा पुंजका दिसला तर लगेच पंप पाठीला लावू नका, त्याने मित्रकीटक आधी मरतात. पान पिशवीत बंद करा, फोटो काढा, सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही हे पत्र वाचून दाखवा, कारण या किडीला बांध कळत नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी