एका वॅटची हाक

वीस वर्षे वृत्ते शिकविणाऱ्या माणसाने रेडिओच्या नादी लागावे, हे आमच्या कॉलेजात कोणालाच पटले नाही. मला मात्र त्यात काही वावगे वाटत नव्हते. मोर्सची लिपी म्हणजे शेवटी लघु-गुरूच. फरक इतकाच, की आपला गुरू दोन मात्रांचा, त्यांचा तिघांचा. ‘एसओएस’ ही संकटाची हाक म्हणजे न-गण, म-गण, न-गण. आणि ‘आता तुम्ही बोला’ असे सुचविणारा ‘के’ हा तर साक्षात र-गण! परवान्याची परीक्षा मी या गणांच्याच जोरावर पार पाडली.

खरे कारण अण्णा. माझे वडील तारखात्यात तारमास्तर होते. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा ते निवृत्तच होते. तरी त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे आई गेली आणि त्यांनी कानातले यंत्र काढून डबीत ठेवले, ते ठेवलेच. “आता ऐकण्यासारखं उरलंय काय?” म्हणत.

तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून, त्यांना डाग देत देत चार महिन्यांत मी एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर उभा केला. हवेत काही सोडण्यापूर्वी एरियलच्या जागी ५० ओमचा रोधक लावून चाचणी घ्यायची असते. त्यावर लहरीच्या शिखराला १० व्होल्ट भरले. म्हणजे शक्ती १ वॅट. झिरोचा दिवासुद्धा याहून अधिक खातो!

“एवढ्यावर गच्चीपर्यंत तरी पोचेल का हो?” सौ.ने विचारले.

गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळी गच्चीवर २० मीटर तार ताणली, रिसीव्हर सुरू केला, तो नुसती घरघर! सगळे डाग पुन्हा तपासले. रात्री उशिरा उमगले, की दोष गॅलरीतल्या एलईडीच्या माळांचा. त्या विझविल्या, तर शेजाऱ्यांच्या ऐकू येऊ लागल्या. ऐन दिवाळीत सबंध सोसायटीला अंधारात बसवावे, इतके काही सेक्रेटरींशी माझे सख्य नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला, माळा विझल्यावर बसलो. अण्णांना बळेच टेबलापाशी आणले, यंत्र कानात बसविले. सात मेगाहर्ट्झवर ‘सीक्यू’ म्हणून हाक दिली. म्हणजे, कोणी आहे का हो? दहा वेळा दिली. उत्तर नाही. आत सौ.ची कढई चरचरत होती आणि रिसीव्हरही तसाच. अकराव्या हाकेनंतर त्या चरचरीतून एक बारीकशी शिट्टी आली. माझेच संकेतनाम! पुढचे सगळे मी आनंदाच्या भरात घालविले.

अण्णा मात्र वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर लिहीत होते. त्यांच्या काळी साउंडर कट्-कडकट् वाजे. ही शिट्टी त्यांच्या सवयीची नव्हे. तरी एक अक्षर सुटले नव्हते. हैदराबाद. वाचनीयता तीन, जोर तीन, स्वर नऊ. सुमारे ५०० किलोमीटर!

“हात कच्चा आहे त्याचा,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, “तुझाही.”

भाऊबीजेच्या सकाळी आठाला पाच मिनिटे कमी असताना मी खोलीत गेलो, तर ते आपणहून खुर्ची ओढून टेबलाशी बसलेले.

“काय रे, या कानाच्या यंत्राचा सेल मिळतो कुठं?”