अकरापासून तीनपर्यंत

चित्रपटाच्या प्रत्येक रिळाच्या मस्तकी एक पट्टी जोडलेली असे, आणि तिच्यावर जे लिहिलेले असे ते तिकीट काढून आत आलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीस कधीही पडू नये, असा साऱ्या जगातील चित्रगृहांचा शिरस्ता होता. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १९३० साली तिचा नमुना मुक्रर केला: सोळा चौकटींचा एक फूट या हिशेबाने दर फुटाला एक आकडा, अकरापासून उलट्या क्रमाने तीनपर्यंत, आणि तीननंतर निखळ काळोख. दोन आणि एक हे आकडे लिहिलेच जात नसत. सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने मोजणीचे बारा फूट आठ सेकंदांत सरत, आणि त्यांतले शेवटचे दोन सेकंद काळे राखण्यात मोठे शहाणपण होते; कारण पुढचे रीळ चढवलेल्या दुसऱ्या यंत्राची झडप क्षणभर आधी उघडली गेली, तरी पडद्यावर आकडा न येता केवळ अंधार लवून जाई आणि कथेत रमलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नसे. पुढे साठीच्या दशकात घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी रेषा आणि आठपासून दोनपर्यंत सेकंदांचे आकडे असलेला नवा नमुना आला; पण आमच्याकडील यंत्रखोल्यांत जुन्या फुटांच्या हिशेबाला सरावलेले हात पुष्कळ वर्षे होते.

असे हात मी रविवार कारंजाच्या अलीकडे राहणाऱ्या एका शेजारी गृहस्थांचे पाहिले. नाशकातल्या एका चित्रगृहात ते ऑपरेटर होते आणि आम्ही मुले त्यांना आप्पा म्हणत असू. त्या अरुंद, कार्बनच्या धुराने कोंदलेल्या खोलीत दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी असत. एकावरचे रीळ पडद्यावर चालू असताना आप्पा दुसऱ्यावर पुढचे रीळ चढवीत, फिल्मची पट्टी दातेरी चाकांवरून ओवून घेत, वर आणि खाली बोटभर ढील सोडीत, आणि मग हाताने चाक फिरवीत फिरवीत नेमका नऊ हा आकडा गेटमध्ये आणून थांबत. पलीकडच्या यंत्रावर मात्र ते सातच लावीत. “आप्पा, इथे नऊ आणि तिथे सात, असं का हो?” असे मी विचारले, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, “ही मशीन तरणी आहे रे, लगेच धाव धरते. ती म्हातारी झाली, तिला धाव धरायला वेळ लागतो, म्हणून तिला सात पुरे.” मग ते भिंतीतल्या लहानशा झरोक्याशी जाऊन उभे राहत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झडपेचा बदल. ठिपका अवघ्या चार चौकटींचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा, आणि हजार फुटांची रिळे असली तर दर अकरा मिनिटांनी हीच हजेरी. सेन्सॉरच्या दाखल्यावर ‘रिळे १६’ असे वाचून आम्हांला चित्रपट लांबलचक असल्याचा आनंद होई. आप्पांच्या दृष्टीने तो त्या खेळापुरत्या जबाबदारीचा तपशील होता.

हे सारे नाशकात घडत होते याला माझ्या लेखी फार अर्थ आहे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला चित्रपटांचा कारखाना याच गावी आणला, तेव्हा या आकड्यांची गरजच नव्हती. मूकपटाची गती दांडा फिरविणाऱ्याच्या मनगटात असे. ती थोडी मंद झाली तर पात्रे जरा सावकाश चालत, एवढेच. पण १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला, पुढच्याच वर्षी फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचीच हरिश्चंद्रकथा घेऊन प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि गतीची ती सैल मुभा कायमची गेली. आवाज फिल्मच्या कडेला छापलेला, आणि तोही आपल्या चित्राच्या वीस चौकटी पुढे. यंत्राने पुरता वेग धरण्यापूर्वी चित्र आले, तर हरिश्चंद्राचा स्वर घोगरा होऊन ओढला जाणार. त्या आठ सेकंदांचे मूळ कारण मानवी कंठ आहे, ही गोष्ट मला अतिशय हृद्य वाटते.

रीळ झिजते ते टोकांकडून. दर खेळाला तीच टोके ओवायची, तीच तुटायची, तीच कापून पुन्हा चिकटवायची. त्यामुळे चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांक लिहिलेला भागच प्रथम नष्ट होतो आणि उरलेले रीळ अनामिक होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, मधली दोन नाहीत. आणि जे आहे ते १९१३ चे की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहे. अशा प्रसंगी रिळाच्या माथ्यावरचे चार शब्द म्हणजे दफ्तरातला सही-शिक्क्याचा कागद. तोच नसला की पुढची सारी चौकशी अंदाजावर येते.

आता चित्रपट संगणकाच्या तबकडीत बंद होऊन येतो आणि कळ दाबताच सुरू होतो. तरीही ध्वनिमिश्रणाच्या खोलीत चित्रारंभाच्या बरोबर दोन सेकंद आधी एका चौकटीपुरता टोला अजून ठेवतात, कारण आवाज आणि चित्र यांची गाठ कोठेतरी घालावीच लागते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तेथे दोन जुनी यंत्रे शेजारी शेजारी मांडावीत, खऱ्या रिळांसह चालती ठेवावीत आणि एखाद्या निवृत्त ऑपरेटरला सन्मानाने नेमून, शाळकरी मुलांच्या हातून नऊचा आकडा गेटमध्ये बसवून घ्यावा, अशी तजवीज कोणी करील तर बरे. ते जाणणारे हात आता फार थोडे उरले आहेत.